उजवीकडचं विमान

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो ताईच्या हृदयाच्या झडपेमुळे. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. श्रीरामपूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहायचो. पप्पा कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. बॉयलरचं प्रेशर, पाकाची उष्णता दाखवणारी जी घड्याळासारखी मीटर असतात, ती ठीक ठेवायचं काम त्यांच्याकडं. मी दहा वर्षांची, ताई चौदाची.

ताईला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. वाढीच्या वयात असं होतं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पुढं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की त्या तापानं हृदयाची एक झडप खराब केलीय. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. पळायचं नाही, दोरीवरच्या उड्या नाहीत, सायकल नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही. थोडी मोठी झाली की पुण्याला ऑपरेशन. कॉलनीतल्या मुली लंगडी खेळायच्या तेव्हा ताई कडेच्या दगडावर बसून कोण बाद झालं ते सांगायची. एकदा पप्पा ड्युटीवरून येताना तिथं थांबले आणि खेळ संपेपर्यंत सायकल धरून उभे राहिले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "ही पोरगी काय पंच व्हायला जन्माला आली न्हाई."

पप्पांचे आईवडील पाथर्डीकडचे ऊसतोड कामगार. त्याच कारखान्याच्या माळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत, पप्पांचं निम्मं लहानपण गेलेलं. तिथून ते नगरच्या आयटीआयपर्यंत पोचले, आणि ज्या चिमणीचा धूर बघत वाढले तिच्याच खाली नोकरीला लागले. यंत्रावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावर नव्हता. त्यामुळं कारखान्याच्या टाइम ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि जुना भंगारात निघाला, तेव्हा तो त्यांनी घरी आणला यात नवल नाही. महिनाभर जमिनीवर पोतं अंथरून त्याचे सगळे भाग त्यावर मांडलेले असायचे. आई त्यांना वळसा घालून चालायची. एका रविवारी दुपारी काळ्या काचेवर शेंदरी रंगाचा एक ठिपका लुकलुकायला लागला. त्या मशीनला तो एकच रंग येत होता.

कारखान्यात नवी मशीनं बसवायला पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं पप्पांना एक फ्लॉपी दिली. "शेअरवेअर आहे," तो म्हणाला. "म्हणजे पहिला भाग फुकट. खेळा, चार जणांना द्या. आवडला तर बनवणाऱ्याला पैसे पाठवून पुढचा भाग मागवायचा."

त्या फ्लॉपीत तो खेळ होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला भुंगे म्हणायचो. वरून भुंग्यांसारखे दिसणारे शत्रू रांगेनं यायचे, वाकडेतिकडे फिरायचे, गोळ्या टाकायचे. खाली आपलं विमान. वर-खाली, डावीकडं, उजवीकडं, आणि गोळी, एवढीच बटणं. दोघांनी मिळून खेळायची सोय होती. एकाच कीबोर्डवर डाव्या बाजूची अक्षरं एकाची, उजवीकडचे बाण दुसऱ्याचे. पप्पा डावीकडच्या खुर्चीत बसायचे, ताई उजवीकडच्या.

ताई भयंकर चांगली खेळायची. जिला जिन्याच्या सहा पायऱ्या चढून थांबावं लागायचं ती मुलगी पडद्यावर विजेसारखी सरकायची. तिचा श्वास लागायचा नाही, गालावर तेवढा रंग यायचा. पप्पांना मात्र ते अजिबात जमायचं नाही. नाजूक मीटरचे काटे सरळ करणारी त्यांची बोटं बटणांवर मात्र हातोडीसारखी आपटायची आणि टेबल हादरायचं.

"पप्पा, तुम्ही नुसतं माझ्यामागं राहा," ताई सांगायची. "मधे येऊ नका. मी बघते."

"बरं बाई," पप्पा म्हणायचे, आणि तरी मधे यायचे.

मी दोघांच्या मागं उभी राहून बघायचे. खुर्च्या दोनच होत्या.

तीन टप्पे पार केले की खेळ संपायचा. मग एक इंग्रजी पान यायचं. ताईनं शब्दकोश घेऊन ते लावलं. खेळ बनवणारा अमेरिकेतला एकटा माणूस होता. आवडला असेल तर मला पैसे पाठवा, उरलेला भाग मी टपालानं पाठवीन, असं त्यानं लिहिलं होतं. खाली पत्ता. परदेशात पैसे कसे पाठवायचे ते आमच्या बँकेतल्या साहेबांनाही सांगता येईना. शेवटी ताईनं त्याला पत्रच लिहिलं. खेळ नका पाठवू, तिसऱ्या टप्प्याच्या पुढं काय असतं तेवढं कळवा, एवढाच मजकूर. आम्ही दोघींनी ते श्रीरामपूरच्या पोस्टात टाकलं. उत्तर काही आलं नाही.

त्या वर्षी भाद्रपदात ताईला पुन्हा ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला दम लागायला लागला. कारखान्याची जीप मिळाली. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर ताईचं डोकं, मी पुढं पप्पांना चिकटून. राहुरीच्या अलीकडं आई म्हणाली, "अवो, गाडी थांबवा." पप्पांनी ड्रायव्हरला सांगितलं, "थांबवू नका." ड्रायव्हर बिचारा नगरपर्यंत थांबला नाही. पण तोवर सगळं संपलेलं होतं, आणि ते गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर आईनं कॉम्प्युटरवर जुनी साडी टाकली आणि दोन्ही खुर्च्या भिंतीकडं तोंड करून ठेवल्या. ती जेवायला बसायची, पण भाकरीचे तुकडे ताटात तसेच राहायचे. दिवाळी आमच्याकडं नव्हतीच. कारखाना सुरू झाला, माळावर कोप्या उभ्या राहिल्या, बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायला लागली. पप्पांची पहाटे चारची पाळी असायची. ते दुपारी बाराला घरी यायचे.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी घरी आले, तर दारातूनच तो आवाज ऐकू आला. टुक, टुक, टुक. माझे पायच थांबले. ताई गेल्यावर तो आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

पप्पा डावीकडच्या खुर्चीत बसले होते. शेजारी उजवीकडची खुर्ची मांडलेली, रिकामी. आणि पडद्यावर दोन विमानं होती. पप्पांनी दोघांचा खेळ लावला होता. ताईचं विमान पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं सुरुवातीला असतं तिथंच, उभं होतं. भुंगे त्याच्यावर गोळ्या टाकत होते, आणि पप्पा आपलं विमान सारखं तिकडं नेऊन मधे घालत होते. स्वतः मरत होते. पुन्हा डाव, पुन्हा दोन विमानं. माझ्याकडं त्यांनी वळूनही पाहिलं नाही. आई आत भाकऱ्या थापत होती. तिचा थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

मग ते रोजचंच झालं. ड्युटीवरून यायचं, हातपाय धुवायचे, जेवायचं आणि तासभर ते विमान वाचवायचं. काही दिवसांनी त्यांना ते जमायलाही लागलं. जे खेळाडू म्हणून कधीच धड नव्हते, ते त्या कोपऱ्यातल्या विमानाला एक गोळी लागू न देता पहिला टप्पा पार करायला लागले. शाळा नसली की मी मागं उभी राहायचे, पूर्वीसारखीच. 'बस' असं मला कुणी म्हणालं नाही. रिकाम्या खुर्चीत बसायची माझी हिंमत नव्हती.

पण घरात कुणी नसताना ती झाली. पप्पा ड्युटीवर, आई भाजीला गेलेली, आणि माझ्या हातात तूप-साखर लावून गुंडाळी केलेली चपाती. मी साडी बाजूला केली, मशीन चालू केलं, ताईच्या खुर्चीत बसले आणि ताईच्या बाणांवर बोटं ठेवली. एकदा नाही, त्या आठवड्यात चार-पाच वेळा बसले. कसला तरी सूड घेत असल्यासारखी बसले, हे आज कळतं. साखर बटणांच्या फटीत पडत होती आणि तुपाच्या बोटांनी मी ती आत ढकलत होते. शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, डावीकडचा बाण दाबला की नीट वर येईनासा झाला. मी तो नखानं उचलला, वरवर पुसला, साडी टाकली आणि उठले.

त्याच दुपारी पप्पा खेळायला बसले, आणि ताईचं विमान हललं.

फार नाही. पप्पांनी गोळीचं बटण नेहमीसारखं हातोडीगत आपटलं, टेबल हादरलं, आणि कोपऱ्यातलं विमान बोटभर डावीकडं सरकलं. पप्पांच्या विमानाकडं. पप्पांचे हात वर उचलले गेले आणि तसेच राहिले. मी मागं होते. काय झालंय ते मला लगेच कळलं होतं.

मागून आईचा आवाज आला. "हाललं." ती पिठाच्या हातांनी दारात उभी होती.

पप्पांनी हात खाली आणले आणि पुन्हा खेळायला लागले. ताईचं विमान थोडं थोडं करत त्यांच्या विमानाला येऊन खेटलं आणि त्याच्यामागं थांबलं.

"तिकडं एकटीला करमत नसंल," आई म्हणाली. "आली बगा तुमच्याजवळ."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी ताई गेल्यापासून पहिल्यांदा आईनं अख्खी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, वेणी घातली. दुपारी पप्पा यायच्या आधीच ती साडी काढून पडदा पुसून ठेवायला लागली. खेळ सुरू झाला की जमिनीवर बसून बघायची आणि बोलायची. "आज लवकर आलीस गं." "आज का रुसलीस?" उजवीकडच्या खुर्चीवर एका वाटीत पोहे असायचे. संध्याकाळी ते मला खायला मिळायचे.

खरं सांगायचं तर मलाच सगळ्यात जास्त भीती वाटायची. बटण माझ्यामुळं चिकटलंय हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी त्या खुर्चीच्या आणि टेबलाच्या मधून जायची नाही. शाळेत फळ्यावर गणित लिहिताना खडूचा टुक टुक आवाज आला की माझी मान आखडायची. जेवताना वाटायचं, आपल्या पाठीमागं, जिथं मी इतके दिवस उभी असायचे तिथं, आता कुणीतरी दुसरंच उभं आहे. कधी मनात यायचं, साखर मी सांडली खरी, पण ती सांडायला मला तिनंच तर बसवलं नसेल?

आणि पप्पा? जो माणूस बॉयलरच्या मीटरला नुसता कान लावून काटा कुठं अडकलाय ते सांगायचा, त्याला अडकलेलं बटण कळलं नसेल? मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचे. काहीच कळायचं नाही.

बातमी कॉलनीत गेलीच. आई नळावर बोलली असणार. आधी शेजारच्या बायका दुपारी डोकावून गेल्या. एकीनं मशीनला हळदकुंकू लावायला काढलं तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "वल्लं काय लावू नका, करंट हाय." मग एका दुपारी माळावरून एक बाई आली. उसाच्या पाचटानं चिरलेले हात, डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला. पप्पांच्या गावाकडची, ऊसतोडीला आलेली. पप्पा तिला मावशी म्हणायचे. ती आत आली नाही, उंबऱ्याजवळच बसली. आईनं पाणी दिलं. ते तिनं हातात धरून ठेवलं.

पडद्यावर दोन विमानं होती. ताईचं विमान हळूहळू सरकत पप्पांच्या विमानापाशी आलं. मावशीनं ते सगळं नीट बघितलं. मग म्हणाली, "माजा थोरला गेल्या साली उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. तुला ठावं हाय."

"व्हय मावशी."

"लई वेळ न्हाई लागायचा. येकडाव त्यालाबी बोलवून दाव. बोलला न्हाई तरी चालंल. आसाच हालला तरी चालंल."

पप्पांचे हात बटणांवरून खाली आले. पडद्यावर भुंगे गोळ्या टाकत राहिले. एक विमान फुटलं, मग दुसरं. मावशी पडद्याकडं न बघता पप्पांच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला तिथं उभं राहवेना.

"ते बटण चिकटलंय," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "मी साखर सांडली त्याच्यात. मी खेळत होते गुपचूप. ताई नाही ती. बटण आहे."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मारेल असं वाटलं, पण ती नुसती बघत राहिली.

पप्पा उठले. फळीवरून त्यांचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मशीन बंद करून कीबोर्ड मावशीसमोर जमिनीवर आणून ठेवला. एकेक स्क्रू काढून वाटीत टाकला. डाव्या बाणाचं बटण उचकटून तळहातावर घेतलं आणि मावशीच्या पुढं धरलं. आतल्या बाजूला पिवळट साखरेचा गोळा झाला होता, आणि त्यात एक मुंगी मरून बसली होती.

"मावशी, यंत्र हाय हे," ते म्हणाले. "यात कुनी न्हाई. आसतं तर मी तुला दावलं नसतं का?"

मावशीनं ते बटण बोटानं चाचपलं. "आसू दे," ती म्हणाली. "म्या आपलं इचारलं." पाण्याचा तांब्या तिनं तसाच खाली ठेवला आणि उठून गेली. पप्पा चपला न घालता तिच्यामागं फाटकापर्यंत गेले. दोघं तिथं बराच वेळ उभे होते. काय बोलले ते मला कधी कळलं नाही.

आई आत गेली. खुर्चीवरची पोह्यांची वाटी तिनं उचलली नाही. ती मी उचलली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. ताट वाढायची, वेणी घालायची, पण माझ्या डोळ्यांत बघायची नाही. तिचं जेवण पुन्हा कमी झालं. दुसऱ्यांदा ताई गेली होती, आणि या वेळी ती माझ्यामुळं गेली होती, असं मला वाटत राहिलं. हे वाटणं अजून पूर्ण गेलेलं नाही.

बटण साफ करून पप्पांनी कीबोर्ड बसवला, पण खेळाला हात लावला नाही. नंतर एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. मशीन चालू होतं, दोघांचा खेळ लावलेला होता. मी जाऊन मागं उभी राहिले.

"बस," ते म्हणाले.

मी उजवीकडच्या खुर्चीला हात लावला.

"तिथं नको. तू माझ्या जागंवर बस." आणि ते स्वतः उठून ताईच्या खुर्चीत बसले. त्यांची ती जाड बोटं ताईच्या बाणांवर नीट मावेनात. खेळ सुरू झाला. पप्पा ताईचं विमान चालवत होते, मी पप्पांचं. त्या बाणांवर ते पुन्हा पूर्वीसारखेच वाईट खेळत होते. मधेमधे येत होते, भुंग्यांवर जाऊन आपटत होते.

"पप्पा, मागं राहा," मी म्हणाले.

त्यांनी एकदम चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. तेवढ्यात ताईचं विमान फुटलं. ते म्हणाले, "दुसरा डाव लाव." आम्ही दुसरा डाव लावला. स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली होती. तिसऱ्या डावाला बघितलं तर ती नव्हती.

त्यानंतर चार-पाच वर्षं आम्ही दोघं खेळलो. रोज नाही, दुपारी वेळ असेल तेव्हा. खुर्च्या पुन्हा बदलल्या नाहीत. मग मी दहावीला गेले, मशीन आधी रुसायला लागलं आणि मग पूर्ण बंद पडलं, आणि पप्पांनी ते एक दिवस पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. आई हळूहळू माणसात आली. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त तीच नाचली.

पप्पा निवृत्त झाल्यावर ते दोघं नगरला राहायला आले. एकदा मी माहेरी गेले होते, आम्ही गॅलरीत मटार सोलत बसलो होतो, तेव्हा मी शेवटी विचारलंच. "पप्पा, बटण अडकलंय हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"कळलं हुतं."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "कारखान्यात कम्प्लेंटची चिठ्ठी आल्याशिवाय आमी मीटर उघडत नसतो. कुनी चिठ्ठी दिली न्हाई." मला वाटलं, हसण्यावारी नेलं. पण थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुझी आई जेवायला लागली हुती."

आतून आईनं विचारलं, "काय चाललंय दोघांचं?"

"काय न्हाई," पप्पा म्हणाले. "मटार किडके निघालेत."